ढेमशाचे इंग्रजी नाव

ढेमशाला इंग्रजीत काय म्हणतात, हा प्रश्न व्याख्यानाचा विषय होऊ शकतो असे ऐकून श्रोत्यांपैकी काहींना हसू येईल. वसंत व्याख्यानमालेची परंपरा न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली घालून दिली. तेव्हापासून या व्यासपीठांवर राज्ये आली आणि गेली, धर्म आणि अर्थकारण यांची चिकित्सा झाली. भाजीपाला मात्र फारसा आला नाही. तरी योगायोग असा की, त्याच १८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ छापून प्रसिद्ध झाले, आणि स्वयंपाक हाही मराठीत छापण्याजोगा विषय आहे हे ठरले. तेव्हा रानड्यांच्या मांडवात गुप्त्यांचे एक ताट आज मांडले तर फार मोठी मर्यादा मोडली असे आम्हांस वाटत नाही. शिवाय वसंत सरून ग्रीष्म लागतो तो व्याख्यानांचा हंगाम आणि ढेमशांचा हंगाम जवळजवळ एकच.

प्रश्न विचारणारे तिघे. पहिला विद्यार्थी. इंग्रजी शाळेत भाज्यांची नावे पाठ करताना वांगे, भेंडी, कोबी सरळ पार पडतात आणि ढेमशापाशी पोर अडते. दुसरी पुण्या-सातार्‍याकडून इकडे सून होऊन आलेली मुलगी. तिला ‘ढेमसे’ म्हणून भागत नाही. ‘टिंडा’ म्हटले तरी कधी कधी भागत नाही. तिसरे आपल्या गावचे, पण आता परमुलुखात संसार थाटलेले लोक. त्यांना दुकानात ही भाजी हवी असते आणि तिचे नाव सांगता येत नाही. या तिघांना आजवर जी उत्तरे मिळाली आहेत ती अशी: राउंड गोर्ड, राउंड मेलन, अ‍ॅपल गोर्ड, इंडियन बेबी पंपकिन, आणि सर्वांवर कडी म्हणजे ‘स्क्वॅश मेलन’. म्हणजे एका गरीब फळाला भोपळा, खरबूज, सफरचंद आणि डांगर यांच्या चार घरी दत्तक दिले, आणि त्याचे स्वतःचे घर कोणते ते कोणी सांगितले नाही.

‘स्क्वॅश’ हा शब्द काटोलात उच्चारावा तर गंमतच होते. हे संत्र्यांचे गाव. येथे स्क्वॅश म्हटले की डोळ्यांपुढे संत्र्याच्या रसाची पिवळी बाटली उभी राहते. तो शब्द निराळा: पिळणे, चेपणे या अर्थाच्या क्रियापदावरून आला, आणि त्या क्रियापदाचे मूळ जुन्या फ्रेंचमध्ये आहे. भाजीचा स्क्वॅश मात्र फ्रेंच नव्हे, लॅटिन नव्हे, मुळी युरोपचाच नव्हे. उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनार्‍यावर नॅरगॅन्सेट नावाचे मूळ रहिवासी लोक होते. त्यांच्या भाषेतील ‘अस्कुटास्क्वॅश’ या शब्दाचे शेपूट तेवढे इंग्रज वसाहतवाल्यांनी ठेवून घेतले. रॉजर विल्यम्स याने त्या लोकांच्या भाषेवर १६४३ साली जे पुस्तक छापले त्यात हा शब्द नोंदलेला आहे. हिरवे, कोवळे खाण्याचे फळ असा काहीसा त्याचा मूळ आशय. ज्यांची ती भाषा होती त्यांची भूमी पुढे गेली, बोलीही मावळली. शब्दाचा तुकडा मात्र जगभरच्या दुकानांतून हिंडतो आहे.

हे स्क्वॅश कुळ सारे अमेरिकेचे. मेक्सिकोत त्याची लागवड सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीची असल्याचे पुरावे गुहांतील बियांवरून मिळाले आहेत. कोलंबस १४९२ साली तिकडे पोचला, वास्को द गामा १४९८ साली इकडे आला, आणि पुढच्या काळात पोर्तुगीजांच्या व्यापाराबरोबर मिरची, बटाटा, पेरू यांच्यासारखाच लाल भोपळाही आपल्याकडे आला. आज तो इतका आपला झाला आहे की, तो परका असल्याचे सांगणाराच परका ठरावा. ढेमशाची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. ढेमसे जुन्या जगाचे, हिंदुस्थानच्या मातीतले. अमेरिकेच्या स्क्वॅशशी त्याचे नाते एवढेच की, दोन्ही वेलींची एकाच विस्तीर्ण भोपळवर्गात गणना होते. काकडी, कारले, दोडके, तोंडले हीही त्याच वर्गातली. म्हणून कारल्याला कोणी स्क्वॅश म्हणत नाही.

मग ढेमशालाच का म्हटले? कारण नाव देणार्‍याने पाहिले ते आपल्या घरचे फळ आठवून. माणूस नवी वस्तू पाहतो तेव्हा जुन्या वस्तूच्या नावाने तिला हाक मारतो. इंग्रजांनीच हे केले असे नाही. पण इंग्रजांच्या हाती राज्य होते, छापखाना होता, कोश होते, म्हणून त्यांनी दिलेली नावे टिकली. शेवग्याची शेंग पलटणीतल्या ढोलाच्या काठीसारखी दिसली, ती ‘ड्रमस्टिक’ झाली. भेंडी ‘लेडीज फिंगर’ झाली. वांग्याची कथा तर फारच लांबची आहे. संस्कृतातील ‘वातिंगण’ इराणात ‘बादिंगान’ झाले, अरबांनी त्याचे ‘बादिंजान’ केले, पोर्तुगीजांनी ‘बेरिंजेला’ केले, आणि त्यांच्याकडून उचलून हिंदुस्थानातल्या इंग्रजांनी ‘ब्रिंजल’ म्हणून आपल्याच देशात आपल्याला परत विकले. हाच शब्द घेऊन लंडनच्या मंडईत गेलात तर तेथे ‘ओबर्जीन’ म्हणतील, अमेरिकेत ‘एगप्लांट’ म्हणतील. तेव्हा ‘इंग्रजीत काय म्हणतात’ असे कोणी विचारले तर आधी ‘कोणत्या इंग्रजीत’ हा उलट प्रश्न करणे भाग आहे.

साहेबांच्या छावण्यांभोवतीच्या बागांत विलायतेहून आणलेल्या बियांचे कोबी, फुलकोबी आणि मटार डौलाने वाढत होते. देशी भाज्या बहुधा नोकरांच्या ताटात राहिल्या. मद्रासेत ‘वायव्हर्न’ या टोपणनावाने लिहिणार्‍या कर्नल केनी-हर्बर्टसारखा एखादा खवय्या १८७८ साली पुस्तक लिहून देशी भाज्यांची बाजू घेतो. पण त्या मेजावरची रीत म्हणजे भाजी मिठाच्या पाण्यात उकडावी आणि वर पांढरा सॉस ओतावा. ढेमसे असे उकडून पाहावे. जे उरते त्याला चव नसते, आकार नसतो. मग खाणारा म्हणतो, ही भाजी पाणचट आहे. दोष भाजीचा नसतो. ‘स्क्वॅश’ हे नाव ऐकून स्क्वॅशची कृती तिच्यावर चालविली, हा दोष असतो. नावाबरोबर कृती येते, आणि चुकीच्या नावाबरोबर चुकीची कृती येते, म्हणून या क्षुल्लक दिसणार्‍या प्रश्नाला आम्ही एवढा वेळ देत आहोत.

आता शास्त्रज्ञांकडे वळू. ढेमशाला पहिले शास्त्रीय नाव मिळाले १८५१ साली, आणि ते आपल्या मुंबई इलाख्याच्या नोकरीत असलेल्या एका डॉक्टराने दिले. त्याचे नाव जॉन एलर्टन स्टॉक्स. सिंध प्रांत १८४३ साली इंग्रजांनी घेतला, त्यानंतर थोड्याच वर्षांत हा तरुण शल्यवैद्य तिकडे देवी टोचण्याच्या कामावर गेला आणि पुढे जंगलांची देखरेखही त्याच्याकडे आली. टोचता टोचता तो झाडे गोळा करी. सिंधच्या मळ्यांत त्याने हे गोल फळ पाहिले, वर्णन आणि चित्र हूकर यांच्या वनस्पतिशास्त्राच्या नियतकालिकात छापले, आणि नाव ठेवले ‘सिट्रुलस फिस्चुलोसस’. ‘सिट्रुलस’ म्हणजे टरबुजाचे कुळ. ‘फिस्चुलोसस’ म्हणजे नळीसारखे पोकळ. स्टॉक्स १८५४ साली, वयाची बत्तिशी ओलांडतो न ओलांडतो तोच वारला. ज्या वर्षी तो गेला त्याच वर्षी नागपूरचे भोसल्यांचे राज्य डलहौसीने खालसा केले आणि काटोलही इंग्रजी अमलाखाली आले. हा निव्वळ कालयोग, त्यातून काही काढायचे नाही.

स्टॉक्सने निदान ढेमशाला टरबुजाच्या घरात स्वतंत्र खोली तरी दिली होती. पुढच्या ग्रंथकारांनी तीही काढून घेतली आणि ढेमसे म्हणजे टरबुजाचाच एक पोटप्रकार असे लिहून मोकळे झाले. शेतकर्‍याला विचारले असते तर तो हसला असता. टरबुजाचे पान चिरलेले, कातरलेले. ढेमशाचे पान तसे खोल कातरलेले नसते. टरबूज पिकल्यावर खायचे, ढेमसे कोवळे असतानाच तोडायचे. पण शेतकर्‍याला विचारण्याची पद्धत नव्हती. १९४४ साली पांगालो या रशियन शास्त्रज्ञाने ढेमशाला टरबुजाच्या घरातून बाहेर काढून वेगळे कुळ दिले. तरी नाव दिले ‘प्रेसिट्रुलस’, म्हणजे जणू टरबुजाच्या आधीचे टरबूज! पाहुणा दाराबाहेर आला, पण पाटी तीच राहिली. पुढे १९६३ साली खोशू आणि विज या आपल्या दोघा शास्त्रज्ञांनी पेशींतील रंगसूत्रे मोजून दाखविली. टरबुजाची बावीस, ढेमशाची चोवीस. दोन रंगसूत्रांचा हा फरक सोयरीक मोडायला पुरेसा होता.

मग चोवीस रंगसूत्रांचे दुसरे कोण? कोहळा. आपला राखी रंगाचा, अंगावर पांढरी भुकटी असलेला, पेठ्याचा कोहळा. रंगसूत्रांवरून केवळ संशय घेता येत होता. पण पुढे वंशद्रव्याची तुलना करण्याची साधने आली आणि २०११ साली शेफर व रेनर या दोघांनी ढेमशाला थेट कोहळ्याच्या कुळात नेऊन बसविले. त्याचे आजचे नाव ‘बेनिंकासा फिस्चुलोसा’. बेनिंकासा हे सोळाव्या शतकात इटलीत नावाजलेल्या एका वनस्पतिप्रेमी गृहस्थाचे नाव. ते कोहळ्याच्या कुळाला आधीच दिलेले होते. अशा रीतीने पूर्ण एकशेसाठ वर्षे टरबुजाच्या घरी वाढलेले पोर अखेर आपल्या भावाकडे परतले.

आणि येथे एक जुना ग्रंथ आठवल्याशिवाय राहत नाही. सोळाव्या शतकातील भावमिश्राच्या निघंटूत शाकवर्गात ‘डिण्डिश’ नावाचे फळ आहे. वैद्यमंडळी ते म्हणजेच टिंडा, म्हणजे आपले ढेमसे, असे मानतात. डिण्डिशावरून टिंडसी, टिंडा ही हिंदी व राजस्थानी नावे निघाली हे उघड दिसते; ‘ढेमसे’ही त्याच गोतावळ्यातले असावे असे आमचे मत आहे. भावमिश्राने या फळाचे दुसरे नाव दिले आहे ते ‘रोमशफल’, म्हणजे लव असलेले फळ. कोवळे ढेमसे हातात घेऊन अंगठा फिरवावा, ती बारीक लव लगेच कळते. आता कोहळ्याचे लॅटिन नाव पाहा: ‘बेनिंकासा हिस्पिडा’. हिस्पिडा म्हणजेच केसाळ! केसांवरून कुळ ठरत नाही हे आम्ही जाणतो, कोवळ्या टरबुजालाही लव असते. पण पाहण्याची रीत लक्षात घ्यावी. एकाने आपल्या घरच्या फळाशी साम्य पाहिले. दुसर्‍याने हातातल्या फळाकडेच पाहिले आणि जे दिसले ते नाव ठेवले. त्याच निघंटूत तिसरे नाव ‘मुनिनिर्मित’ असे आहे. कोणत्या मुनीला उन्हाळ्यात भाजीची अडचण पडली असेल ते असो.

इंग्रजांना एवढे बोल लावल्यावर स्वतःकडेही पाहिले पाहिजे. आम्ही मराठी माणसे नावांच्या बाबतीत काही फार काटेकोर नाही. ‘कोहळा’ हा शब्द संस्कृत कूष्मांडापासून आला आणि तो राखी कोहळ्याचा होता. अमेरिकेचा लाल भोपळा आला तेव्हा वर्‍हाड-नागपुराकडे आम्ही त्यालाच ‘कोहळं’ म्हणू लागलो, आणि आज आमच्याकडे कोहळ्याची बोंडं तळतात ती या पाहुण्याचीच. मूळ मालकाला ‘पांढरं कोहळं’ म्हणवून घ्यावे लागते. आवळा देऊन कोहळा काढणे म्हणतात ते हेच काय! ‘डांगर’ शब्दाची दशा याहून विचित्र. नदीच्या वाळूत वाड्या लावतात ते आमचे डांगर म्हणजे खरबूज. कोल्हापूर-सोलापूरकडे डांगर म्हणजे लाल भोपळा. आणि पुण्या-कोकणात डांगर म्हणजे उडदाच्या पिठाचे कालवण. तीन ठिकाणचे तीन मराठी गृहस्थ एका खानावळीत बसून डांगर मागवतील तर वाढप्याने काय करावे? टोमॅटो आला तेव्हा कोणी त्याला विलायती वांगे म्हटले, तर इकडे त्याचे ‘भेदरं’ झाले आणि ते असे खणखणीत मराठी वाटते की, ते फळ समुद्रापलीकडून आले यावर आजी विश्वास ठेवणार नाही.

याच धर्तीचे एक शेवटचे उदाहरण देतो, कारण ते फार गोड आहे. मेक्सिकोचे ‘चायोटे’ नावाचे एक फिकट हिरवे, सुरकुतलेले फळ आहे. ते मद्रासेत ‘चौ चौ’ झाले. कन्नड लोकांनी त्याला ‘सीमे बदनेकाई’ म्हटले, म्हणजे विलायती वांगे. आणि दार्जिलिंगच्या डोंगरात नेपाळी बोलणार्‍यांनी ‘इस्कुस’ म्हटले. हा इस्कुस म्हणजे इंग्रजांचा स्क्वॅश, आणि इंग्रजांचा स्क्वॅश म्हणजे नॅरगॅन्सेट लोकांचा अस्कुटास्क्वॅश. अटलांटिकच्या काठचा शब्द हिमालयात जाऊन बसला आणि तेथील बाजारात म्हातारी तो आपल्या मातृभाषेतला म्हणून वापरते.

आता स्वयंपाकघर. एप्रिल-मे महिन्यांत काटोलच्या उन्हात पालेभाज्या तग धरीत नाहीत, हिवाळी भाज्या संपलेल्या असतात, आणि घरोघर वाळवणाचे डबे उघडतात. अशा वेळी माघ-फाल्गुनात पेरलेल्या वेलांना ढेमशी लागतात. लहान लिंबाहून मोठे आणि मोसंबीहून लहान, नख सहज रुतेल असे ढेमसे निवडावे. मोठे, निबर घेतले तर आतल्या बिया कडक झालेल्या असतात, आणि भाजीला नावे ठेवणारे बहुतेक लोक असेच ढेमसे खाऊन निघालेले असतात. साल जाड सोलायची नाही, सुरीने नुसती खरवडायची. कोवळ्या बिया काढायच्या नाहीत, चव त्यांतच आहे. देठाकडून जोडलेले राहील असे चार काप देऊन त्यात भाजलेले तीळ, सुके खोबरे, शेंगदाणे, खसखस यांचे वाटण, तिखट आणि काळा मसाला भरायचा. फोडणी सढळ तेलाची हवी. झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर शिजू द्यावे, ढवळाढवळ करू नये. दुसरी रीत रोजची: भिजवलेली चणाडाळ फोडणीस टाकून तीत ढेमशाच्या फोडी, वरून चिरलेला सांबार. (पुण्याच्या श्रोत्यांसाठी: सांबार म्हणजे कोथिंबीर, इडलीचा नव्हे.) डाळीने भाजीला अंग येते आणि ढेमसे डाळीचा रस पिते. राजस्थानात तर काप करून उन्हात वाळवून वर्षाची बेगमी करतात. पांढर्‍या सॉसची या फळाला कोठेच गरज पडलेली नाही.

आणखी एक गोष्ट, आणि ही चवीपुरती नाही. या वर्गातील फळांत कधी कधी ‘कुकुर्बिटॅसिन’ नावाचे कडू द्रव्य वाढते. दुधीच्या कडू रसाने माणसे दगावल्याची उदाहरणे आपल्या देशात घडली आहेत. आपल्याकडील जुनी बाई काकडी, दुधी, ढेमसे चिरताना एक कापटी जिभेला लावून पाहते आणि कडू लागले की अख्खे फळ टाकून देते. ती हे कोणत्या पुस्तकात शिकली नाही. भाजीच्या नावाबरोबर, आईच्या हाताखाली शिकली. डब्यात मिठाच्या पाण्यात बंद केलेली ढेमशी आज परदेशातील हिंदी दुकानांत ‘टिंडा’ या नावाने मिळतात. काही जण तेथे गोल झुकिनीच ढेमसे समजून भरतात. ती झुकिनी मात्र खरी अमेरिकन स्क्वॅश. चटकन मऊ पडते आणि मसाल्यासकट फुटते. भरली भाजी फसली की सून स्वतःला दोष देते, सासू सुनेला देते. नावाला कोणी देत नाही.

तर विद्यार्थ्याने काय लिहावे? कृषिसंशोधकांनी या भाजीची ‘अर्का टिंडा’ नावाची जात काढली आहे, बियाण्यांच्या पाकिटांवर टिंडा हेच नाव असते, आणि दूरदेशीच्या दुकानदारांनीही तेच पत्करले आहे. तेव्हा इंग्रजी वहीत रोमन अक्षरांनी ‘टिंडा’ लिहावे आणि मराठी वहीत ‘ढेमसे’. मास्तरांनी ‘स्क्वॅश मेलन’ लिहिले नाही म्हणून गुण कापू नयेत. इंग्रजी भाषेला असे शब्द पचवण्याची सवय आहे. आमच्या संत्र्याचेच पाहा. ‘संत्रा’ शब्द पोर्तुगालच्या सिंत्रा गावावरून आला असे पुष्कळ लोक सांगतात. पण बाबराच्या आत्मचरित्रात ‘संगतरा’ येतो, म्हणून आम्हांला ती व्युत्पत्ती पटत नाही. ‘ऑरेंज’बद्दल मात्र कोणाचा वाद नाही. संस्कृत ‘नारंग’ इराण आणि अरबस्तानातून स्पेनला गेले आणि वाटेत आपला नकार हरवून इंग्रजीत पोचले. काटोलच्या स्टेशनावरून आगगाडीत चढणार्‍या पेट्यांवर इंग्रजी अक्षरांत जे छापलेले असते, ते एवढा प्रवास करून घरी आलेले आपलेच नाव आहे.